दीड लाखात ट्रायथलॉनची एअरो फ्रेम: नेमकी कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ३४, उंची १७० सेंमी, नोकरी शिरोली एमआयडीसीत. पुढच्या वर्षी गोव्याची ७०.३ (म्हणजे अर्धी आयर्नमन: पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१ किलोमीटर पळणं) करायची आहे. हाताशी अ‍ॅल्युमिनियमची रोड बाईक आहे, ११ स्पीडचा शिमानो १०५ ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), रिम ब्रेक (चाकाच्या कडेला पकडणारे). सपाटीला ९० किलोमीटरला तीन तास लागतात. दीड लाख रुपये बाजूला काढलेत आणि समोर तीन पर्याय आहेत: पुण्यातली साधारण दहा वर्षं जुनी कार्बनची टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीची) बाईक, ५६ साइजची, विकणारा म्हणतो ‘थोडी मोठी आहे पण चालून जाईल’, चीनमधून मागवायची बिनब्रँडची कार्बन फ्रेम, तिच्यावर आत्ताचेच पार्ट चढवायचे, किंवा नवी अ‍ॅल्युमिनियमची ट्राय (ट्रायथलॉनसाठीची) बाईक, बजेट थोडं ताणून. तुम्ही विचारलंय, यातली सगळ्यात एअरो, म्हणजे हवेचा अडथळा सगळ्यात कमी घेणारी, कोणती?

माझं काम बाईक जुळवण्याचं, दुरुस्तीचं आणि माणसाला बाईकवर नीट बसवण्याचं. कोल्हापुरात ट्रायथलॉनचा नाद वाढला तसे असे प्रश्न घेऊन बरेच जण येतात. सगळ्यात एअरो कोणती हे सांगून तुमचं काम होणार नाही असं मला वाटतं. तुमची खरी अडचण अशी आहे की दीड लाख एकदाच खर्च होणार आहेत आणि ते अशा ठिकाणी लागायला हवेत, की ९० किलोमीटर आत्तापेक्षा लवकर संपतील आणि उतरल्यावर २१ किलोमीटर पळता येईल. फ्रेम हा त्याचा एक भाग, आणि पैशाच्या मानाने सगळ्यात कमी परतावा देणारा.

हे नुसतं मत म्हणून सोडून देत नाही, आकडे मांडतो.

सपाट रस्त्यावर ३० च्या वेगाने जाताना तुमच्या पायांतून निघणाऱ्या ताकदीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग हवा खाते. बाकीचा मुख्यतः टायर. आणि हवेचा जो अडथळा होतो, त्यातला ७० ते ८० टक्के अडथळा तुमच्या शरीराचाच असतो. उरलेल्यात चाकं, हँडल, बाटल्या, लोंबणाऱ्या केबल आणि फ्रेम हे सगळं आलं. म्हणजे नुसत्या फ्रेमच्या वाट्याला थोडकंच राहतं.

हा अडथळा मोजायला सीडीए नावाचा आकडा वापरतात. समोरून दिसणारं तुमचं क्षेत्रफळ आणि हवा तुमच्यावरून किती सहज सरकते याचा गुणक, या दोघांचा गुणाकार, चौरस मीटरमध्ये. तुमच्या अंगाचा माणूस रोड बाईकच्या हुडवर (ब्रेक लिव्हरच्या वरच्या मुठींवर) हात ठेवून बसला तर साधारण ०.३२ धरायला हरकत नाही. तोच माणूस एअरोबारवर (कोपरं टेकवून पुढे झुकायच्या दांड्यांवर) नीट बसवला तर ०.२७ पर्यंत येतो. गोल नळ्यांची फ्रेम काढून चांगली एअरो फ्रेम घातली आणि बैठक तीच ठेवली, तर फरक पडतो ०.०१ चा, फार तर ०.०१५ चा.

आता हिशोब. बाईकसकट वजन ८५ किलो, साधे सरावाचे टायर, समुद्रसपाटीची उष्ण हवा, सपाट रस्ता, वारा नाही असं धरू. ०.३२ ला ३० चा वेग राखायला साधारण १४० वॉट लागतात. तेवढेच वॉट कायम ठेवून फक्त फ्रेम बदलली, तर ९० किलोमीटरमध्ये पावणेदोन मिनिटांच्या आसपास वाचतात. फ्रेम तीच ठेवून फक्त बैठक बदलली, तर नऊ मिनिटं. आणि दोन्हीला हात न लावता सरावाचे जाड टायर काढून चांगले शर्यतीचे टायर घातले, तरी चार-पाच मिनिटं. प्रत्यक्ष रस्त्यावर चढ, वारा, वळणं यांनी आकडे इकडेतिकडे होतील, पण हा क्रम बदलत नाही.

याच संदर्भात एक समज खोडून काढायचा आहे. ‘एअरो गोष्टी ४० च्या वेगाने जाणाऱ्यांसाठी, आपल्यासारख्यांना काय उपयोग’ असं खूप जण म्हणतात. हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, त्यामुळे वेगवान माणसाचे वॉट जास्त वाचतात हे बरोबर. पण हळू जाणारा माणूस रस्त्यावर जास्त वेळ असतो, त्यामुळे मिनिटांत मोजलं तर त्याचा फायदा कमी नसतो, उलट थोडा जास्तच भरतो. तेव्हा तीन तासवाल्याने एअरोचा विचार करणं अगदी योग्य आहे. फक्त सुरुवात कुठून करायची हे नीट ठरवायला हवं.

बैठकीने किती फरक पडतो याचं उदाहरण म्हणून १९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस सायकलिंगच्या इतिहासात ठळक नोंदला गेलाय. व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड आघाडीवरच्या फ्रान्सच्या लोरां फिन्यॉनच्या ५० सेकंदांनी मागे होता. लेमाँडने हँडलवर एअरोबार लावले, फिन्यॉनने लावले नाहीत. लेमाँडने अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. हँडलला जोडायची ती साधी जोडणी तोवर मुख्यतः ट्रायथलॉनवालेच वापरत होते.

मग ट्राय फ्रेम घ्यायचीच कशाला? कारण आहे, आणि चांगलं कारण आहे. रोड फ्रेमचा सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) कोन ७२ ते ७४ अंशांचा असतो. ट्राय फ्रेममध्ये सीट ७६ ते ८० अंशांवर बसते, म्हणजे तुम्ही पेडलच्या जवळजवळ वर येता. कोपरं खाली टेकवून पुढे झुकलात तरी मांडी पोटात रुतत नाही, कमरेचा कोन मोकळा राहतो, श्वास नीट घेता येतो, आणि उतरल्यावर पळताना पाय लवकर सुटतात. रोड बाईकवर क्लिप-ऑन (आहे त्या हँडलवर आवळायचे) एअरोबार लावून सीट पुढे सरकवली तर यातलं बरंच काही साधतं, पण एका मर्यादेनंतर पुढच्या चाकावर भार जास्त येतो आणि हँडल चंचल होतं. ती मर्यादा तुम्ही गाठलीत की ट्राय फ्रेम घ्यायची वेळ आली असं समजा. नळी किती चपटी आहे हे त्यानंतर बघायचं.

आता जे तुमच्या परिस्थितीवर ठरेल ते सांगतो, कारण इथे एकच उत्तर सगळ्यांना देता येत नाही. वर्षात एकच शर्यत करणार की ट्रायथलॉन चार-पाच वर्षं तरी चालू ठेवणार? रविवारी ग्रुपबरोबर पन्हाळ्याला, जोतिबाला जाणं चालू ठेवायचंय का? कारण घाटात आणि ग्रुपमध्ये ट्राय बाईक गैरसोयीची, आणि कोपरं टेकवून ग्रुपमध्ये चालवणं तर धोक्याचंच. ड्राफ्टिंगला (पुढच्याच्या आडोशाने चालवण्याला) परवानगी असलेल्या शर्यतीत ही बाईक चालत नाही, तिथे रोड हँडल लागतं; ७०.३ मध्ये ड्राफ्टिंग बंद असल्यामुळे तिथे चालते. पाठ किती वाकते, मांडीमागचे स्नायू किती आखडलेत, कधी मणक्याचा त्रास झालाय का, हेही बघावं लागेल. आठ तास कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याला पहिल्याच महिन्यात खोल बैठक देऊन चालत नाही.

आता तुमचे तिन्ही पर्याय.

बिनब्रँडची कार्बन फ्रेम आधी घेतो, कारण त्यात छुपा खर्च सगळ्यात जास्त आहे. ‘पार्ट तर आहेतच, फक्त फ्रेम बदलायची’ हे रोड फ्रेमवरून रोड फ्रेमवर जाताना खरं. रोडवरून ट्रायवर जाताना तुमचे ब्रेक-गिअरचे एकत्र लिव्हर निरुपयोगी होतात. बेसबार (एअरोबारखालचं आडवं हँडल) वेगळा, त्याच्यावरचे ब्रेक लिव्हर वेगळे, एक्स्टेन्शनच्या (पुढे जाणाऱ्या दांड्यांच्या) टोकाला बसणारे ११ स्पीडचे शिफ्टर वेगळे, कोपरांचे पॅड आणि त्यांचे ब्रॅकेट वेगळे. हेडसेट (हँडल फिरतं ती बेअरिंग), बीबी (क्रँकच्या आसाची बेअरिंग), नव्या केबल. तुमची क्रँक २४ मिमी स्पिंडलची, समोरच्या फ्रेमची बीबी कोणत्या मापाची यावर अडॅप्टर लागणार की नाही ते ठरेल. आणि आजकाल अशा बहुतेक फ्रेम डिस्क ब्रेकच्या असतात. तुमची बाईक रिम ब्रेकची, म्हणजे चाकंही गेली आणि ब्रेकही. वर कस्टम ड्युटी आणि जीएसटी. फ्रेमच्या किमतीला भुलून सुरुवात केलेले लोक शेवटी दुपटीच्या जवळ जातात. त्यात तुमची रोड बाईक सुटी होऊन पोत्यात जाणार, म्हणजे पावसाळ्यात सराव कशावर करायचा हा नवा प्रश्न.

सगळ्या बिनब्रँडच्या फ्रेम वाईट असतात असं मी म्हणणार नाही. काही नीट बनवलेल्या असतात. विकणाऱ्याकडे आयएसओ ४२१० नुसार चाचणी झाल्याचा कागद मागा. नुसतं ‘हो, टेस्टेड’ पुरेसं नाही. पण बीबीचं भोक हवं त्या मापात नसणं आणि मग प्रत्येक पेडलला करकर होणं, हे मी अनेकदा हाताळलंय. अशा वेळी व्हर्निअर लावून बघितलं तर भोक एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला किंचित अंडाकृती निघतं. फ्रेम परत पाठवायची तर भाडं तुमच्याच डोक्यावर. पहिली ट्राय बाईक म्हणून हा रस्ता मी सुचवत नाही.

नवी अ‍ॅल्युमिनियमची ट्राय बाईक हा निर्धास्त पर्याय. वॉरंटी मिळते, साइज हवी ती मिळते, पार्ट नेहमीचे असतात. कार्बनपेक्षा थोडी जड असते, पण मोठे घाट नसलेल्या शर्यतीत अर्धा-एक किलोने फारसं बिघडत नाही. तुमच्या मापाची आणि बजेटमध्ये बसणारी मिळत असेल, तर ‘कार्बन नाही’ या एका कारणावरून ती बाद करू नका. अडचण एवढीच, की आपल्याकडे असे मॉडेल फार कमी येतात आणि तुम्ही म्हणता तसं बजेट ताणावं लागतं. बजेट ताणलं की टायर, कपडे, फिट (बैठक जुळवून घेणं) यांचे पैसे जातात, आणि मिनिटं तर तिथेच आहेत.

राहिली पुण्याची बाईक. सेकंडहँड बाईक घेणं हाच तुमच्या बजेटला साजेसा मार्ग, पण ही बाईक नको. ५६ साइज १७० सेंमीच्या माणसाला ‘चालून’ जात नाही. रोड बाईकवर एक साइज मोठी असली तर स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून भागवता येतं. ट्राय बाईकवर तुम्ही तीन तास एकाच जागी कोपरं टेकवून असता. फ्रेम लांब असली तर खांदे ओढले जातात, माणूस सीटच्या टोकावर सरकतो आणि पाऊण तासात उठून हँडल वरून धरायला लागतो. त्या क्षणी तुमचा ०.२७ परत ०.३२ होतो आणि दीड लाखाची एअरो फ्रेम खाली नुसती फिरत राहते. फ्रेम उंच असली तर आणखी वाईट, कारण पॅड वर चढवता येतात, पण हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) खाली नेता येत नाहीत.

साइजचा आकडा एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीशी जुळत नाही, म्हणून तो आकडा सोडा आणि स्टॅक आणि रीच बघा. बीबीच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यापर्यंत उभं अंतर म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात दोन्ही मिळतात. तक्ता मिळाला नाही तर भिंतीशी बाईक सरळ उभी करा, गवंड्याचा ओळंबा हेड ट्यूबवरून सोडा आणि टेपने मोजा. दोन-चार मिलिमीटरच्या फरकात बरोबर येतं. तुमचा स्टॅक आणि रीच किती हवा हे आधी फिट करूनच कळतं, आणि तेच पुढच्या सगळ्या शोधाचं माप.

सेकंडहँड ट्राय फ्रेम बघताना मी काय बघतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण या बाईक रोड बाईकपेक्षा वेगळ्या प्रकारे खराब होतात.

पहिला शत्रू घाम. एअरोबारवर बसलेल्या माणसाच्या कपाळाचा घाम थेट स्टेमवर, हेडसेटवर आणि पॅडच्या बोल्टवर गळतो. बाईक ट्रेनरवर घरात वापरलेली असेल तर फारच, कारण तिथे वाराच नसतो. एकदा अशीच एक बाईक टेबलावर आली, बाहेरून चकाचक. कोपरांचे पॅड काढले तर खालचे बोल्ट पांढऱ्या-हिरव्या मिठाने जागेवर घट्ट बसलेले. एकाचं डोकं किल्ली लावताच गोल झालं. फोर्क खाली ओढला तर वरच्या बेअरिंगच्या जागी गंजाचा चिखल होता आणि सीटपोस्टची पाचर कार्बनला चिकटून बसली होती. ती सोडवायला दोन दिवस तेल सोडत बसावं लागलं. म्हणून विकणाऱ्यासमोर पॅडचा एक बोल्ट, सीटपोस्टचा बोल्ट आणि स्टेमचा एक बोल्ट सोडून परत आवळून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

दुसरं, भेगा. सीटपोस्ट जिथे आवळली जाते तिथे, बीबीच्या आजूबाजूला, चेन पडून चेनस्टे खरवडला गेलाय का तिथे, आणि मागचं चाक बसतं त्या ड्रॉपआउटला टॉर्च तिरकी धरून बघा. रंगाची भेग आणि कार्बनची भेग वेगळी. नखाला अडत असेल तर संशय घ्या. नाण्याने हलके ठोके देत पुढे जा, आवाज टणक येत असताना मध्येच बद्द आला तर तिथे थर सुटलेले असू शकतात. फोर्क बाहेर काढून स्टीअररची (फोर्कची वर हँडलपर्यंत जाणारी) नळी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ती तुटली तर माणूस थेट तोंडावर पडतो, तिथे तडजोड नाही.

तिसरं म्हणजे पार्ट. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बऱ्याच एअरो फ्रेमना स्वतःचाच स्टेम, स्वतःचाच ब्रेक, स्वतःचीच सीटपोस्ट असते. दिसायला देखणी, आणि एक पाचर हरवली की बाईक भिंतीला टांगलेली. तुमच्यासारख्याने नेहमीचा गोल स्टीअरर, नेहमीचा ३१.८ मिमी पकडीचा स्टेम आणि नेहमीचा ब्रेक बसणारी जुनी, साधी ट्राय फ्रेम शोधावी. सीटपोस्ट चपटी असणारच, ती सोबत आणि शाबूत आहे ना एवढं पक्कं करा. हँगरचा (मागचा गिअर ज्याला टांगतात त्याचा) जास्तीचा तुकडा आहे का तेही विचारा. नसला तर आपल्या शिवाजी उद्यमनगरात नमुना दिल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीतून हँगर मिलिंग करून देणारे हात आहेत, आणि छोटे स्पेसर, पाचरी लेथवर निघतात. ही आपल्या गावाची मोठी सोय आहे. मात्र स्टेम, स्टीअरर, बेसबार यांसारखे जीव टांगलेले भाग असे बनवून घेऊ नका.

मागचा ब्रेक बीबीच्या खाली लपवलेला असेल तर त्याबद्दलही विचार करा. हवेच्या दृष्टीने जागा चांगली. आपल्या रस्त्यांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट, कारण पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट तिथेच जातो. पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूला जाऊन आलात की दर वेळी सोडून धुवायचा. तुमच्याकडे तेवढी चिकाटी असेल तर चालेल.

टायरच्या जागेकडे फार कमी लोक बघतात. जुन्या एअरो फ्रेम २३ मिमी टायरसाठी केलेल्या असतात, मागचं चाक सीट ट्यूबच्या खोबणीत अगदी चिकटून बसतं. आजच्या रुंद रिमवर २५ चा टायर प्रत्यक्षात २७ पर्यंत फुगतो आणि घासतो. आपल्या रस्त्यांवर, विशेषतः ऊस हंगामात ट्रॉल्यांतून पडलेली कांडी आणि उखडलेल्या कडा बघता, मला २५ पेक्षा कमी टायर नको वाटतो, २८ मिळाला तर उत्तम. तुमचं स्वतःचं चाक घेऊन जा आणि फ्रेममध्ये लावून बघा. दोन्ही बाजूंना चार मिलिमीटर तरी मोकळी जागा हवी. आणखी एक, फार जुन्या ट्राय बाईकना ६५०सी मापाची लहान चाकं असतात. स्वस्तात मिळतात आणि नंतर टायर शोधत फिरावं लागतं. त्यांच्या नादी लागू नका.

आता तुम्ही नेमकं काय करावं. मी तुमच्या जागी असतो तर आत्ता फ्रेम घेतलीच नसती. आत्ताच्या अ‍ॅल्युमिनियम बाईकवर क्लिप-ऑन एअरोबार लावले असते. हँडल गोल नळीचं आहे ना तेवढं बघा, चपट्या कार्बन हँडलवर क्लिप-ऑन आवळायचे नसतात. मग नीट फिट करून घेतलं असतं: सीट पुढे आणि किंचित वर, पॅड असे की कोपरं खांद्यांच्या खाली किंवा जरा पुढे येतील, आणि क्रँक १७२.५ ची असेल तर १६५ ची. छोट्या क्रँकने मांडी वर कमी येते आणि कमरेला जागा मिळते. पुढे-मागे चांगले टायर. अंगाला घट्ट बसणारा बाह्यांचा ट्रायसूट, कारण फडफडणारा कपडा फ्रेमने वाचवलेलं सगळं खाऊन टाकतो. एअरो हेल्मेट, पण कानाला हवा लागेल असं. गोव्याच्या उकाड्यात पूर्ण बंद हेल्मेट सोसत नाही. एक बाटली दोन्ही हातांच्या मधे आडवी. हे सगळं ढोबळमानाने पन्नास-साठ हजारांत बसतं आणि वर मोजलेली बहुतेक मिनिटं इथेच मिळतात.

उरलेले नव्वद हजार ते लाख रुपये हात न लावता ठेवा. चार-पाच महिने या बैठकीवर सराव करा. ९० किलोमीटर कोपरं न उचलता जाता यायला लागलं, आणि सीट आणखी पुढे हवीशी वाटायला लागली, की तुमचा पॅडचा स्टॅक आणि रीच पक्का झाला. मग त्या मापाची सेकंडहँड, साध्या पार्टांची, तुमची चाकं आणि ग्रुपसेटचे बाकी भाग चालतील अशी रिम ब्रेकची ट्राय फ्रेम शोधा. आता बाजार डिस्क ब्रेककडे सरकलाय, त्यामुळे चांगल्या रिम ब्रेक फ्रेम कमी किमतीत बाहेर पडतात, आणि तुमच्याकडे त्या ब्रेकची चाकं आधीच आहेत. पूर्ण बाईकच मिळाली तर अधिक चांगलं, रोड बाईक सरावाला शाबूत राहते. शर्यतीला गोव्याला गाडीनेच जायचं असल्यामुळे बाईक खोलून विमानात भरायचा प्रश्न नाही, तेवढी एक चिंता कमी.

बदलाचा उपयोग झाला का हे मोजूनच ठरवा. पहाटे वारा पडलेला असताना फुलेवाडीच्या पुढे गगनबावडा रस्त्यावरचा एखादा सपाट तुकडा निवडा, जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर होईल असा. पॉवर मीटर असेल तर ठरलेल्या वॉटवर, नसेल तर ठरलेल्या हृदयगतीवर. त्याच सकाळी एक फेरी जुन्या बैठकीत, एक नव्या, परत एक जुन्या. वेगवेगळ्या दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडू नका, वारा आणि तापमान सगळं बिघडवतात. उसाच्या हंगामात मात्र हा रस्ता अंधारात नको. ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि एअरोबारवर तुमचा हात ब्रेकपासून लांब असतो. पूर्ण उजाडल्यावर निघा, आणि महामार्गावर एअरोबार धरूच नका.

चाकांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असणार. खोल रिम घ्यायच्याच असतील तर मागे खोल, पुढे ५० मिमीच्या आसपास. समुद्राकाठी आडवा वारा पुढचं चाक ओढतो आणि मग माणूस घाबरून कोपरं उचलतो, म्हणजे पुन्हा तोटाच. पण ती खरेदी फ्रेमनंतरची.

पुण्याच्या माणसाला नम्रपणे नाही कळवा. आणि क्लिप-ऑन लावून झाले की मला चार मापं पाठवा: बीबीच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतची उंची, सीटचं टोक बीबीच्या किती पुढे-मागे आहे, बीबीपासून पॅडच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं उभं अंतर आणि पॅडच्या मागच्या कडेपर्यंतचं आडवं. सोबत बाजूने काढलेला, कोपरं टेकवून पेडल मारतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. एवढं मिळालं की कोणत्या स्टॅक-रीचची फ्रेम शोधायची हे मी सांगू शकेन.